कॉर्टिसॉल : ताणाचे संप्रेरक की वेळेचे?



ज्या शाळेच्या बाकांवर बसून मी अक्षरे गिरवली, त्याच शाळेने मला स्मृतिव्याख्यानासाठी पाचारण करावे, हा मी माझा मोठा बहुमान समजतो. त्याबरोबर थोडी भीतीही वाटते. पहिल्या रांगेत मला शिकवलेले दोन गुरुजी बसले आहेत. आणि ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या बाईंची आठवण झाली की आजही हातातला कागद पुन्हा एकदा तपासून पाहावासा वाटतो.

बाई आम्हाला आठवीपासून दहावीपर्यंत विज्ञान शिकवीत. त्यांचा एक नियम होता. प्रयोगवहीत निरीक्षण लिहिले आणि शेजारी वेळ लिहिली नाही, तर त्या आकड्याभोवती त्या लाल वर्तुळ काढीत आणि बाजूला एकच शब्द लिहीत : 'वेळ?' अर्धा गुणही कापीत. एकदा मी धीर करून म्हणालो, "बाई, तापमान तर बरोबर आहे ना?" त्या म्हणाल्या, "बरोबर असेल. पण सकाळच्या पाण्याचे की दुपारच्या?" मला उत्तर देता आले नाही. तेव्हा तो मला बाईंचा हेकेखोरपणा वाटला होता, हे आज येथे कबूल करतो.

गेली अनेक वर्षे मी या शहरात अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांवर उपचार करतो आहे. अलीकडे माझ्याकडे येणारे कित्येक लोक प्रयोगशाळेचा एक कागद पुढे सरकवतात. त्यावर लिहिलेले असते, कॉर्टिसॉल १८. चेहरे घाबरलेले असतात. कारण कुणीतरी भ्रमणध्वनीवर पाठवलेल्या चित्रफितीत त्यांनी ऐकलेले असते की कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचे विष, त्यानेच पोट सुटते, चेहरा सुजतो आणि झोप उडते. मी कागद उलटसुलट करून पाहतो आणि विचारतो, "रक्त किती वाजता दिले?" बहुतेकांना आठवत नाही. सकाळी आठ वाजता दर डेसिलिटरला १८ मायक्रोग्रॅम हा अगदी निरोगी माणसाचा आकडा आहे. तोच आकडा मध्यरात्री आला, तर मला त्या माणसाच्या मेंदूतील आणि पोटातील ग्रंथींची कसून तपासणी करावी लागेल. आकडा एकच, आणि वेळेगणिक त्याचा अर्थ पूर्ण बदलतो. त्या क्षणी बाईंचे लाल वर्तुळ मला त्या कागदावर स्पष्ट दिसते.

म्हणून आजचा विषय मी मुद्दाम निवडला आहे. हे संप्रेरक शत्रू नव्हे, एवढे तरी आपण घरी जाताना बरोबर न्यावे, अशी इच्छा आहे.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. तिच्या आतल्या गाभ्यातून अॅड्रिनॅलिन स्रवते आणि बाहेरच्या सालीतून कॉर्टिसॉल. हे कॉर्टिसॉल तयार होते कोलेस्टेरॉलपासून. ज्या कोलेस्टेरॉलला आपण सकाळसंध्याकाळ शिव्या देतो, त्यापासून. मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक हा भाग पीयूषिका ग्रंथीला हुकूम देतो, पीयूषिका अधिवृक्क ग्रंथीला देते, आणि कॉर्टिसॉल रक्तात पुरेसे झाले की तेच उलट मेंदूकडे जाऊन 'आता थांबा' असा निरोप देते. पुढे मी जी हकिगत सांगणार आहे, तिचा सारा पीळ या उलट्या निरोपात आहे. म्हणून तो कृपया ध्यानात ठेवावा.

सप्टेंबर १९९४ मध्ये या शहरात प्लेगची बातमी पसरली, त्या दिवसांत येथे असलेले पुष्कळजण या सभागृहात आहेत. मी तेव्हा नुकता व्यवसायात पडलो होतो. काही दिवसांतच लाखो माणसे शहर सोडून गेली. सुरत स्थानकावर भुसावळकडे जाणाऱ्या गाडीच्या टपावरसुद्धा माणसे बसलेली मी पाहिली. कडेवर मूल, डोक्यावर पेटी आणि तोंडाला रुमाल. त्या वेळी त्या माणसांच्या शरीरात काय घडत होते? धोक्याची जाणीव होताच काही सेकंदांत अॅड्रिनॅलिन धावले, काळीज धडधडू लागले. मागोमाग, काही मिनिटांनी, कॉर्टिसॉल आले. ते तापट नव्हे, व्यवस्थापक आहे. यकृताला ते साखर तयार करायला लावते, रक्तवाहिन्यांचा ताण टिकवून धरते, आणि या घटकेला जी कामे तहकूब ठेवता येतील ती ठेवायला सांगते : पचन, वाढ, प्रजनन. रोगप्रतिकारशक्तीलाही ते आवरून धरते, नाहीतर ती आपल्याच शरीरावर उलटायची. त्या दिवशी डोक्यावरची पेटी उचलून मैलभर चालण्याचे बळ त्या माणसांना ज्याने दिले, त्यात या चार ग्रॅमच्या ग्रंथीचाही हात होता. गावी पोहोचल्यावर, ओसरीवर आडवे झाल्यावर, ते कॉर्टिसॉल उतरले. ते उतरणे हाही त्याच कामाचा भाग आहे.

ताण हा शब्द वैद्यकात रूढ केला हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने. मॉन्ट्रियल येथे काम करीत असताना १९३६ मध्ये 'नेचर' नियतकालिकात त्याने एक छोटेसे पत्र प्रसिद्ध केले. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, विषारी द्रव्य टोचा. कारण कोणतेही असो, त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्या, छातीतील थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि जठरात व्रण झालेले त्याला आढळले. हे निरीक्षण थोर होते. पण त्यातून लोकांच्या मनात कॉर्टिसॉल आणि संकट यांची अशी काही गाठ बसली की, संकट नसतानाही हे संप्रेरक रोज, न चुकता, ठरल्या वेळी स्रवते, ही गोष्ट मागे पडली.

आपण गाढ झोपेत असतो तेव्हा पहाटे दोन-तीनच्या सुमारास ते चढू लागते. जाग येण्याच्या वेळी ते उंचावर असते, आणि जाग आल्यावर अर्ध्या तासात आणखी एक उसळी घेते. मग दुपार, तिसरा प्रहर, संध्याकाळ असे ते पायरीपायरीने खाली येते आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला टेकते. आपल्या आजी पहाटे उठून जात्यावर बसत तेव्हा त्यांना हे संप्रेरक ठाऊक नव्हते. पण त्याच्या चढणीवरच त्या दळत असत. या अंतर्गत घड्याळाचे कार्य पेशींच्या पातळीवर कसे चालते, हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. घड्याळाला किल्ली देतो तो मुख्यतः डोळ्यांवर पडणारा प्रकाश.

निरोगी माणसाच्या शरीरात दिवसभरात हे कॉर्टिसॉल किती तयार होते? दहा मिलिग्रॅमच्या आसपास. हा आकडाही लक्षात असू द्यावा, कारण आता मी माझ्या घरची गोष्ट सांगणार आहे. ती मी आजवर कोणत्याही व्यासपीठावरून सांगितलेली नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातून तापीकाठच्या रेल्वेने सुरतेस आले आणि मागावर लागले. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घराची गोष्ट येथूनच सुरू होते, म्हणून ती लांबवीत नाही. बारा तासांची पाळी. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. कापसाचा आणि धाग्याचा कण छातीत जाऊन की आणखी कशाने, त्यांना दमा जडला. रातपाळीत खोकल्याची उबळ आली की माग थांबवावा लागे, आणि माग थांबला की मजुरी थांबे. कुणीतरी त्यांना एका दुकानातून पुडी आणून दिली. पुडीत तीन गोळ्या. एक पिवळी, एक मोठी पांढरी आणि एक अगदी चिमुकली पांढरी. दोन दिवसांत आबांची छाती मोकळी झाली. त्यानंतर ती पुडी आमच्या घरात मीठमिरचीसारखी येऊ लागली. चारपाच वर्षे येत राहिली.

आबा गुबगुबीत झाले. गाल वर आले, चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा वाटोळा झाला. गावी गेलो की पारावरची माणसे कौतुकाने म्हणत, "सुरत मानवनी बरं तुले!" आईलाही त्याचा आनंद होता. हातपाय मात्र काटकुळे होत चालले होते, जिना चढताना मांड्या थरथरत, आणि कातडी इतकी पातळ झाली होती की मागाला जरा कोपर लागले की जांभळा डाग उठे. हे आम्ही सगळ्यांनी पाहिले होते. त्याचा अर्थ मात्र आमच्यापैकी कुणाला लागला नव्हता.

१९८६ साली मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात होतो. औषधशास्त्राच्या तासाला स्टेरॉइडांचे दुष्परिणाम शिकवले, आणि फळ्यावर काढलेल्या त्या आकृतीत मला माझे आबा दिसले. वाटोळा चेहरा, मानेमागची चरबी, काटकुळे हातपाय. मी तसाच घरी गेलो. फळीवरचा डबा उघडला, पुड्या फोडल्या, ती चिमुकली गोळी ओळखली आणि सगळ्या पुड्या मोरीत टाकून वर बादलीभर पाणी ओतले. आबांना म्हणालो, "हे विष आहे. आजपासून बंद." आबा काही बोलले नाहीत. मुलगा डॉक्टर होणार होता. त्याचा शब्द त्यांनी ऐकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबांना उठवेना. उलट्या झाल्या, पोटात दुखू लागले, अंगाला थंड घाम सुटला. आईला वाटले उष्णता झाली असेल, तिने लिंबूपाणी दिले. दुपारी ते असंबद्ध बोलू लागले. शेजाऱ्यांच्या हातगाडीवर घालून आम्ही त्यांना रुग्णालयात नेले तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती. रात्रपाळीवर माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा असलेला एक डॉक्टर होता. त्याने आबांचा चेहरा पाहिला, पोटरी दाबून पाहिली, आणि माझ्याकडे वळून विचारले, "गोळी केव्हा बंद केली?"

कोणती गोळी, असे त्याने विचारले नाही. थेट 'केव्हा' विचारले.

शिरेतून मिठाचे पाणी आणि हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलच, सुरू केले. मध्यरात्रीनंतर आबांनी डोळे उघडून पाणी मागितले.

काय झाले होते ते आता आपल्या ध्यानात आले असेल. त्या चिमुकल्या गोळीत अर्धा मिलिग्रॅम कृत्रिम स्टेरॉइड होते. वजनाने नगण्य, पण शक्तीने शरीराच्या दिवसभराच्या कॉर्टिसॉलहून अधिक. आबा तशा दिवसाला दोन-तीन घेत होते. रक्तात एवढे भरलेले पाहून 'आता थांबा' हा उलटा निरोप मेंदूला पाच वर्षे सतत जात राहिला. अधिवृक्क ग्रंथी थांबली, आणि काम नसलेल्या अवयवाचे होते तसे तिचे झाले. ती वाळून गेली. मी बाहेरचा पुरवठा एका दुपारी तोडला तेव्हा आत उत्पादन शिल्लकच नव्हते. ज्याला मी विष म्हणालो, त्यावाचून माझे वडील तीन दिवससुद्धा जगू शकत नव्हते.

अर्धवट ज्ञान घातक असते, असे म्हणून मी यातून सुटू शकतो. पण माझे ज्ञान अर्धवट नव्हते. फळ्यावरची आकृती बरोबर होती. मी वेळ विचारली नव्हती. किती वर्षे घेत आहात, रोज किती घेता, हे दोन प्रश्न मी आबांना विचारले नाहीत. पुढे त्यांची ती गोळी तोडायला वर्षाहून अधिक काळ लागला. दर काही आठवड्यांनी पाव-पाव हिश्शाने कमी करीत, ती सकाळीच देऊन, म्हणजे शरीर स्वतः जेव्हा कॉर्टिसॉल सोडते त्या वेळेशी जुळवून घेत. दम्यासाठी श्वासावाटे घ्यायचे औषध सुरू झाले. ग्रंथी हळूहळू जागी झाली. आबा त्यानंतर पुष्कळ वर्षे जगले. मोरीत टाकलेल्या पुड्यांचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मीही काढू शकलो नाही.

हे औषध मुळात आले कसे, हे थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरच्या लक्षात आले होते की, सांधेवाताच्या रुग्णाला कावीळ झाली किंवा सांधेवात असलेल्या स्त्रीला दिवस गेले, की सांध्यांचे दुखणे आपोआप कमी होते. शरीरातच काहीतरी शमन करणारे असले पाहिजे, असा त्याने तर्क केला. त्याचा सहकारी केंडॉल अधिवृक्क ग्रंथीतील द्रव्ये वेगळी करीत होता. २१ सप्टेंबर १९४८ रोजी अंथरुणावर कूस बदलणेही कठीण झालेल्या एका तरुण स्त्रीला त्यांनी कॉर्टिसोन टोचले. काही दिवसांतच ती चालू लागली आणि बाजारात जाऊन आली. हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडमधील राइखश्टाइन यांना १९५० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. इतक्या झटपट मिळालेले पारितोषिक वैद्यकात विरळाच. पण हे औषध दीर्घकाळ, भरपूर दिले की काय होते, तेही त्याच काळात दिसू लागले होते. हार्वी कुशिंग या शल्यविशारदाने १९३२ मध्ये वर्णन केलेला, पीयूषिकेतील गाठीमुळे होणारा विकार आता औषधाच्या बाटलीतून होऊ लागला.

बाटलीतून आणि नळीतूनही. गोरे होण्यासाठी किंवा गजकर्णासाठी दुकानातून आणलेल्या मलमांत पुष्कळदा हेच स्टेरॉइड असते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. तरी माझ्या दवाखान्यात महिन्यातून एखादी मुलगी गालांवर लाल जाळे घेऊन येतेच. याविषयी अधिक बोललो तर माझा तोल जाईल, म्हणून येथेच थांबतो.

'केव्हा' या प्रश्नाचे सर्वांत मोठे उत्तर आपल्याला करोनाच्या साथीने दिले. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील 'रिकव्हरी' या चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला. डेक्सामेथासोन, एक जुने, स्वस्त स्टेरॉइड, रोज सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिले, तर कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांतील मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने आणि नुसता प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांतील सुमारे एक-पंचमांशाने कमी झाले. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता, त्यांना मात्र काही लाभ झाला नाही. निष्कर्षाचा पहिला भाग घरोघर पोहोचला, दुसरा वाटेत गळाला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी, घरबसल्या, साखर न तपासता लोकांनी ही गोळी घेतली. त्यानंतर आपल्या शहरातील रुग्णालयांत काळ्या बुरशीचे रुग्ण आले. मधुमेह आणि स्टेरॉइड एकत्र आले की ती बुरशी नाकातून डोळ्यापर्यंत चढते. एकाच गोळीने एका खाटेवरचा माणूस वाचला आणि दुसऱ्या खाटेवरच्या माणसाचा डोळा गेला, हे मी एकाच इमारतीत पाहिले आहे.

आता ज्यांना कोणतीही गोळी नाही, मात्र झोप नाही आणि चिंता आहे, त्यांच्याकडे वळतो. ही संख्या सर्वांत मोठी.

सुरतेला रात्र होत नाही, असे आपण अभिमानाने म्हणतो. लिंबायत, उधना, पांडेसरा या बाजूला पहाटे तीन वाजता गेलात तर मागांची खडखड ऐकू येते. रातपाळीचा कारागीर सकाळी सातला सुटून घरी येतो आणि पत्र्याखाली आडवा होतो, तेव्हा त्याच्या शरीरातले कॉर्टिसॉल शिखरावर असते. शरीर त्याला म्हणते ऊठ, आणि तो म्हणतो झोपू दे. चार-पाच तासांत जाग येते. आठ दिवसांत घड्याळ जरासे सरकू लागते न लागते तोच पाळी बदलते, आणि ते पुन्हा मागे ओढावे लागते. रातपाळीच्या कामाला, झोपेचे चक्र बिघडवणारे म्हणून, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये संभाव्य कर्करोगकारकांच्या यादीत घातले आणि २०१९ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. मधुमेह आणि हृदयविकार यांचे प्रमाणही अशा कामगारांत अधिक आढळते.

या सभागृहात मागांचे मालक झालेले माझे वर्गमित्र बसले आहेत. त्यांतल्या काहींचे वडील माझ्या आबांच्या शेजारच्या मागावर होते. त्यांना मी उपदेश करणार नाही, विनंती करतो. दर आठवड्याची अदलाबदल ही मला सर्वांत वाईट रीत वाटते. ती बदलण्याचा विचार करा. पहाटे तीनच्या सुमारास वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी घेऊ द्या. त्याने माणूस सावध राहतो, आणि बोटे शाबूत राहतात. कारागिरांना मी सांगतो : घरी जाताना ऊन डोळ्यांवर घेऊ नका, खोली शक्य तितकी अंधारी करा, पाळीच्या दुसऱ्या निम्म्या भागात चहा टाळा, आणि पहाटे भरपेट जेवू नका. आणि घरच्यांना सांगतो की, दिवसा झोपलेल्या माणसाला गॅसच्या टाकीसाठी उठवू नका.

याहून अवघड आहे ती चिंता. २०२३ पासून हिऱ्यांच्या धंद्यात मंदी आली, घाटीवर बसणाऱ्या कित्येक कारागिरांचे काम कमी झाले, कित्येकांचे सुटले. असा एक माणूस माझ्यासमोर बसून झोप येत नाही म्हणतो, तेव्हा त्याला दीर्घ श्वसन शिकवताना माझी मलाच लाज वाटते. श्वसनाने, चालण्याने, प्रार्थनेने लाभ होतो. मी ते नाकारीत नाही. पण ब्रिटनमधील सरकारी नोकरांवर मायकेल मार्मट यांनी दीर्घकाळ केलेल्या अभ्यासात असे दिसले की, हृदयविकाराचा धोका पदाच्या उतरंडीने वाढत जातो, साहेबाला कमी आणि शिपायाला अधिक. आणि आपल्या कामावर आपला किती ताबा आहे, याचा त्यात मोठा वाटा आहे. उद्या काम आहे की नाही, हे ज्याला रात्री ठाऊक नसते, त्याचे कॉर्टिसॉल उतरावे तरी कशाच्या भरवशावर? त्याला आठ दिवस आधी खरे सांगणे, हेही औषधच आहे, आणि ते डॉक्टरच्या हातात नाही.

एक सावधगिरीची सूचना. दीर्घकाळच्या ताणात कॉर्टिसॉल चढलेलेच असते, असे नाही. पुष्कळदा ते सकाळी पुरेसे चढत नाही आणि रात्री पुरेसे उतरत नाही. दिवसाची टेकडी सपाट होते. त्यामुळे रक्ताच्या एका थेंबावरून 'तुमचा ताण इतका' असे सांगणारी तपासणी अस्तित्वात नाही. 'अधिवृक्क ग्रंथीचा थकवा' नावाचा जो आजार हल्ली विकला जातो, तो अंतःस्रावशास्त्राला मान्य नाही. अश्वगंधेविषयी मला नेहमी विचारतात. काही छोट्या अभ्यासांत तिने कॉर्टिसॉल थोडे उतरल्याचे दिसते. तिच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. घ्यायची तर डॉक्टरला सांगून घ्या. मात्र चेहरा वाटोळा होऊन हातपाय बारीक होत असतील, पोटावर जांभळे पट्टे उठत असतील, अंगावर सहज डाग पडत असतील, तर वेळ न दवडता या. आणि स्टेरॉइडाची गोळी बराच काळ चालू असेल, तर ती आपल्या मनाने, किंवा वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या चिरंजीवांच्या सांगण्यावरून, एकदम बंद करू नका.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही बराच वेळ शांत बसलात. तुमच्यासाठी एकच गोष्ट. परीक्षेच्या दालनात पाठ असलेले उत्तर आठवत नाही, हा अनुभव सर्वांना येतो. डी क्वेरवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये उंदरांत आणि २००० मध्ये माणसांत दाखवून दिले की, या संप्रेरकांची पातळी एकाएकी चढली की साठवलेले बाहेर काढणे अवघड होते. म्हणजे ते पुसले गेलेले नसते. दार तेवढे अडलेले असते. पेन खाली ठेवा, दुसरा प्रश्न सोडवा, थोड्या वेळाने परत या. आणि आदल्या रात्री झोपा. तुमच्या आईवडिलांनाही हे मी सांगितले असे सांगा.

बाईंविषयी बोलून रजा घेतो. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला पूर आला, उकाईचे पाणी शहरात शिरले आणि शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. बाई तेव्हा निवृत्त होऊन अडाजणला एकट्या राहत होत्या. पाणी ओसरल्यावर आम्ही काही विद्यार्थी चिखल तुडवीत त्यांच्याकडे गेलो. तळमजल्यावर काहीच उरले नव्हते. पुस्तकांचा लगदा झाला होता. बाई वरच्या खोलीत होत्या, थकलेल्या, पण ठीक. जिना चढताना भिंतीवर मला पेन्सिलीच्या आडव्या रेघा दिसल्या, आणि प्रत्येक रेघेशेजारी त्यांच्या वळणदार अक्षरात तारीख आणि वेळ. दिवे नव्हते, मेणबत्ती लावून दर दोन-तीन तासांनी त्या जिन्यात येऊन पाणी कुठवर चढले ते पाहत आणि रेघ मारीत. सातवी पायरी, आठवी पायरी, नववी पायरी. दोन रात्री त्या झोपल्या नव्हत्या, हे त्या रेघांवरूनच कळत होते. सर्वांत वरच्या रेघेच्या थोडी खाली एक शेवटची रेघ होती. तिच्याशेजारी लिहिले होते : '९ ऑगस्ट, रात्री ११. चार बोटे उतरले. आता झोपते.'